२० वर्षं जुना बिल्ट-इन फ्रीज: दुरुस्त करू की बदलू?

जर्सीकर_प्रिया

नमस्कार मंडळी, जरा घाईत सल्ला हवाय. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, घर २०१६ मध्ये घेतलं तेव्हा किचनमध्ये ४८ इंची बिल्ट-इन फ्रीज आधीपासूनच होता. डावीकडे फ्रीजर, उजवीकडे फ्रीज, वर जाळी आणि दारांना बाकीच्या कपाटांसारखीच चेरी लाकडाची पॅनेलं, म्हणजे पाहुण्यांना फ्रीज कुठाय ते सांगावं लागतं. आतल्या स्टिकरवर २००४ साल आहे. इतकी वर्षं काही कुरकुर नव्हती. पण आता दूध तारखेच्या आधीच नासतंय, इडलीचं पीठ फ्रीजमध्येच फुगून वर आलं, म्हणून थर्मामीटर ठेवला तर ५२ फॅरनहाइट! फ्रीजर मात्र व्यवस्थित शून्यावर आहे, सासूबाईंनी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या आणि नारळाचा चव अगदी कडक गोठलेला.

एका कंपनीचा माणूस येऊन गेला. वरची जाळी उघडली, हात लावून बघितलं आणि दहा मिनिटांत सांगितलं की कॉम्प्रेसर गेलाय, २८०० डॉलर होतील, पण एवढ्या जुन्या फ्रीजवर मी तरी पैसे घालणार नाही, नवीन घ्या. शोरूममध्ये विचारलं तर तेवढ्याच मापाचा नवीन १७,००० च्या पुढे, जुना काढणं नवीन बसवणं वेगळं आणि दारांची पॅनेलं परत करून घ्यावी लागतील ती वेगळी. नवरा म्हणतोय सरळ साधा ३६ इंची आणू, तीन हजारांत विषय संपला. पण मग ४८ रुंद आणि ८४ उंच खड्ड्याचं काय करायचं? आणि पुढच्या वर्षी लेकाचं कॉलेज सुरू होतंय, त्यामुळे १७ हजार म्हटलं की पोटात गोळा येतो. काय करावं?

खटपट_राव

प्रियाताई, आधी दूध-दही-शिजवलेलं सगळं दुसरीकडे हलवा, ४० फॅरनहाइटच्या वर दोन-चार तास राहिलेलं असलं अन्न पोटात घालू नका, वास येत नसला तरी. गॅरेजमध्ये फ्रीज असेल तर उत्तम, नाहीतर कूलर आणि बर्फ.

आता मुद्दा. मी शिकागोजवळ कमर्शियल रेफ्रिजरेशनमध्ये काम करतो, दुकानांचे, हॉटेलांचे फ्रीज रोज बघतो, आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर गॅसचा दाब मोजणारा गेज न लावता "कॉम्प्रेसर गेला" सांगण्याचा. तुमच्या वर्णनावरून दोन्ही बाजूंची सिस्टिम वेगळी दिसतेय, बऱ्याच महागड्या बिल्ट-इनमध्ये तसं असतं, फ्रीजरला एक कॉम्प्रेसर, फ्रीजला दुसरा. जाळीमागे दोन काळे डबे दिसले तर पक्कं समजा. हे महत्त्वाचं अशासाठी की साध्या फ्रीजमध्ये थंडी फक्त फ्रीजरमध्ये तयार होते आणि पंख्याने खाली किंवा बाजूला ढकलली जाते, त्यामुळे तिथे फ्रीजर ठीक आणि फ्रीज गरम असेल तर बहुतेक वेळा डीफ्रॉस्ट (साचलेलं हिव वितळवणारी यंत्रणा), पंखा किंवा हवेची झडप असलं स्वस्तातलं दुखणं निघतं. तुमच्यात तसं नाही. तुमचा फ्रीज स्वतंत्रपणे आजारी पडलाय आणि फ्रीजरची बाजू धडधाकट आहे, म्हणजे अर्धं मशीन चांगलं आहे हे विसरू नका.

घरी करून बघण्यासारखं: ब्रेकर बंद करा, वरची जाळी काढा, तिथे कंडेन्सर कॉइल असते. तुमच्यासारख्या वर जाळी असलेल्या बिल्ट-इनला गरम हवा टाकायला तीच एक जागा, मागे-बाजूला फट नसते. त्यावर धुळीचा आणि तळणीच्या तेलकट वाफेचा नमदा बसलेला असतो. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करा, ब्रश पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा घातलात तर पातळ पट्ट्या वाकतात, आणि बोटं सांभाळा, कडा धारदार असतात. नुसत्या एवढ्यावर दहा-बारा डिग्री उतरलेले फ्रीज मी बघितलेत. मग दाराचं रबर: एक डॉलरची नोट दारात धरून बंद करा आणि ओढा, सहज सुटून आली तर तिथून थंडी जातेय.

यानेही फरक नाही पडला तर आत मागचं पॅनेल काढून इव्हॅपोरेटरवरचं, म्हणजे आत थंडी तयार करणाऱ्या कॉइलवरचं, हिव बघा, खरं निदान तिथे आहे. सगळ्या कॉइलवर सारखं पातळ हिव असेल तर गॅस बरोबर आहे, पंखा किंवा सेन्सर तपासायचा. सगळीकडे जाड बर्फ साचून हवाच जात नसेल तर डीफ्रॉस्ट नीट होत नाहीये किंवा दारातून ओल शिरतेय. सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवरच बर्फाचा गोळा आणि पुढची कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे म्हणजे कुठेतरी गळतंय. आणि अजिबात हिव नसेल तर एकतर कॉम्प्रेसर चालतच नाहीये नाहीतर गॅस पूर्ण गेलाय. फोटो टाका इथे.

सुमेधा_बे_एरिया

खटपट रावांना अनुमोदन, पण दुसरी बाजू मी लिहिते कारण आम्ही बदललाय. बिल्ट-इन काढून साधा बसवणं हे फ्रीजचं काम नसून सुताराचं काम आहे हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बिल्ट-इन ८४ इंच उंच आणि २४ इंच खोल, म्हणजे ओट्याच्या बरोबरीने. साधा साधारण ७० उंच आणि दारासकट ३०-३५ इंच खोल, तो किचनमध्ये पुढे येतो. काउंटर-डेप्थ, म्हणजे ओट्याइतपत खोलीचा, घेतला तर जरा कमी येतो पण आतली जागा घटते. वर १४ इंच रिकामे, त्यात कपाट करून घ्यावं लागलं, तुमच्याकडे बाजूलाही फूटभर उरेल, तिथे ओढून काढायचा मसाल्यांचा उभा रॅक छान होतो, पण लाकूड जुन्या चेरीशी जुळवणं ही डोकेदुखी. चेरीचा रंग वर्षानुवर्षं गडद होत जातो त्यामुळे नवीन तुकडा ठिगळासारखा दिसतो.

आणि एक, खाली वाकून टॉर्च मारून बघा फ्रीजखाली टाइल आहे का. आमच्याकडे फ्रीज आधी बसवून नंतर टाइल घातली होती, त्यामुळे खाली पाऊण इंच खड्डा, फ्रीज पुढे ओढायलाच माणसं घामाघूम झाली, मग फरशी भरून घ्यावी लागली. फ्रीज तीन हजाराचा आला, पण सुतार, फरशी, पाण्याची पाव इंची लाइन आणि रंग धरून जवळपास तेवढेच आणखी गेले. तरीही १७ हजारांपेक्षा कमीच, ते आहेच. तुमच्या मिस्टरांचं गणित चुकीचं नाही, फक्त अपुरं आहे.

अप्पा_ऑस्टिन

मी जरा विरोधी लिहितो. जुन्या मशीनवर प्रेम करायला माझी हरकत नाही, पण २००४ च्या फ्रीजमध्ये आज गॅस गळतोय, उद्या कंट्रोल बोर्ड जाईल आणि तो बोर्ड कंपनीने बनवायचा बंद केला असेल तर घातलेले पैसे पाण्यात. आमच्या मित्राकडे हेच झालं, सीलबंद सिस्टिमचं, म्हणजे गॅस फिरतो त्या बंद नळ्यांचं, मोठं काम करून घेतलं आणि नंतर बोर्ड गेला, कुठेच मिळेना, शेवटी जुना बोर्ड काढून दुसऱ्या गावी रिपेअरला पाठवला, तोवर कुटुंबाने डॉर्ममधल्या छोट्या फ्रीजवर काढलं. म्हणून पैसे घालण्याआधी मॉडेल नंबर घेऊन पार्ट्सवाल्याला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: बोर्ड मिळतो का, दाराचं रबर मिळतं का, इव्हॅपोरेटर मिळतो का. तिन्हींना हो असेल तर माझा विरोध मागे. बोर्डला नाही आलं तर मी तरी मोठं काम करणार नाही, छोटं करेन.

विजेचं कारण सांगून कुणी नवीन विकायला लागलं तर मात्र ऐकू नका. इथे अमेरिकेत २००१ च्या जुलैपासून फ्रीजचे नियम कडक झाले, तुमचा त्यानंतरचा आहे. नवीन घेऊन वर्षाला २००-३०० युनिट वाचले असं धरलं आणि युनिटला २० सेंट धरले तरी ४०-६० डॉलर. त्यातून १७ हजार या जन्मात वसूल होत नाहीत. प्लगला लावायचा मीटर मिळतो, आठवडाभर लावून स्वतः बघा.

पुणेरी_मंदार

आमचं इकडचं थोडं वेगळं पण लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. बाणेरला फ्लॅट घेतला तेव्हा मॉड्युलर किचनमध्ये इंटिग्रेटेड फ्रीज बसवला, बाहेरून कपाटच वाटतं. थंडी कमी झाली की लोकल मेकॅनिक येऊन "गॅस संपला" म्हणून गॅस भरून जायचा. अरे पण फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत गोल फिरत असतो, कमी झाला तर गळालाच! गळती न शोधता भरलेला गॅस परत जाणारच. शेवटी एका जाणत्या माणसाने आधी कपाटाकडे बघितलं, सुताराने खालची जाळी शोभेसाठी बंद करून टाकली होती आणि वर हवा जायला फट ठेवलीच नव्हती. ते कापून मोकळं केलं, मग गळती शोधून जोड परत केला, त्यानंतर तक्रार नाही. आमच्यात आर-६००ए आहे, तो पेट घेणारा गॅस, त्यामुळे कुणालाही नळी जोडायची पेटती टॉर्च लावू देऊ नका हेही सांगून ठेवतो. प्रियाताई, तुमच्यात कुठला गॅस आहे?

जर्सीकर_प्रिया

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी शोरूममध्ये सांगितलं नाही. मंदार, स्टिकरवर आर-१३४ए लिहिलंय.

जाळी काढली, दोन कॉम्प्रेसर आहेत, राव बरोबर होते. कॉइलवर राखाडी जाड थर होता, सगळा काढला, पण तापमान फक्त ५२ चं ४९ झालं. मग नवऱ्याने शेल्फ काढून मागचं पॅनेल उघडलं. वरच्या कोपऱ्यात जिथून बारीक नळी आत येते तिथे मुठीएवढा पांढरा बर्फ आणि बाकी कॉइल पूर्ण कोरडी, हात लावला तर नुसती गार. कॉम्प्रेसर बंद नाहीये, दिवसभर चालूच असतो आणि चांगला तापतो.

मग दुसरा टेक्निशियन बोलावला, फोनवरच विचारलं की ईपीए ६०८ सर्टिफिकेट (इथे फ्रीजच्या गॅसचं काम करायला लागतं ते) आहे का आणि सीलबंद सिस्टिमचं काम स्वतः करतो का. हो म्हणाला. त्याने गेज लावले, गळती शोधायचं यंत्र फिरवलं, इव्हॅपोरेटरच्या वळणावर ते ओरडायला लागलं आणि तिथे साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आम्हालाही दाखवले. म्हणजे कॉम्प्रेसर गेलेलाच नाही! त्याचं म्हणणं व्हिनेगर, लोणची असले आंबट पदार्थ उघडे ठेवले तर त्या वाफेने तांब्याची नळी हळूहळू खाल्ली जाते. सासूबाईंची कैरीची बरणी लगेच घट्ट झाकणाची केली.

कोट: नवीन इव्हॅपोरेटर, गॅस आणि मजुरी धरून १९५०, एक वर्षाची वॉरंटी. अप्पा, पार्ट्सवाल्याला फोन केला, रबर आणि इव्हॅपोरेटर मिळतात, बोर्ड नवीन मिळत नाही पण रिपेअर करून मिळतो. सुमेधा, टॉर्च मारला, खाली टाइल नाहीये, आणि साध्या फ्रीजचं सुतारकाम विचारलं तर सहा हजारांच्या आसपास एकूण जातंय. तीन-चार वर्षांनी लेकाचं कॉलेज मार्गी लागलं की किचन पूर्ण बदलायचंच आहे, तेव्हा आत्ता सहा हजार घालून केलेली कपाटं तेव्हा फोडायची हे मनाला पटत नाहीये. त्यामुळे दुरुस्तीकडे कल आहे. काही राहतंय का?

अप्पा_ऑस्टिन

किचन बदलायचंच असेल तर विरोध मागे, करून टाका. फक्त पुढच्या तीन वर्षांत बोर्ड किंवा दुसरा कॉम्प्रेसर गेला तर त्याच्यावर परत पैसे घालायचे नाहीत हे आजच दोघांनी ठरवून ठेवा. नाहीतर "आता एवढे घातलेच आहेत" म्हणत माणूस घालतच राहतो.

सुमेधा_बे_एरिया

+१. आणि शेवटी काढाल तेव्हा फुटपाथवर ठेवू नका, आतला गॅस आधी काढून घ्यावा लागतो, तसा इथे कायदाच आहे. काही वीज कंपन्या चालू स्थितीतला जुना फ्रीज घरून नेतात आणि वर थोडे पैसेही देतात, पण त्यांची मापाची अट असते, ४८ इंची नेतील का ते आधी विचारा.

खटपट_राव

हिवाचं वर्णन वाचूनच कळलं, अगदी पुस्तकातली गळती. १९५० ठीक आहे, पण कामाआधी दोन गोष्टी लिहून घ्या. एक, फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा) नवीन टाकणार, सिस्टिम उघडली की तो बदलायचाच असतो, जुना ठेवला तर आत शिरलेली ओल बारीक नळी तुंबवते आणि मग खरोखर कॉम्प्रेसर जातो. दोन, गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून गेजवर व्हॅक्यूम धरून राहतो का ते बघणार आणि गॅस स्टिकरवरच्या वजनाप्रमाणे काट्यावर मोजून भरणार, अंदाजाने नाही. चांगला माणूस हे ऐकून चिडत नाही.

त्या दिवशी ब्रेकर बंद असेल, त्यामुळे फ्रीजरचं दार उघडू नका, भरलेला फ्रीजर बंद दाराने दिवसभर सहज टिकतो, पुरणपोळ्यांना काही होत नाही. काम झाल्यावर लगेच दूध भरू नका, २४ तास द्या. थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या शेल्फवर ठेवा, हवेतलं रीडिंग दार उघडलं की उड्या मारतं, पाण्यातलं खरं. ३७-३८ ला स्थिर झालं की सामान भरा, आणि मागच्या हवेच्या जाळीसमोर डबे चिकटवून ठेवू नका.