बाळाला सांभाळायला मावशी शोधताना... तुमचे अनुभव सांगा

मैत्रिणींनो, आणि बाबा लोकांनो पण, जरा मनापासून लिहा प्लीज. मुलगी पाच महिन्यांची झाली, 26 आठवड्यांची सुट्टी संपायला तीन आठवडे राहिलेत, नागपूरला राहते, ऑफिस मिहानला, घर मनीषनगरला. सासूबाई नाहीत आणि आईचे गुडघे असे की पाळण्यातून बाळ उचलणं पण तिला होत नाही. दीड महिन्यापासून मावशी शोधून राहिली आहे आणि आता रात्री झोप येत नाही.

पहिली मावशी वॉचमनच्या ओळखीनं आली. बोलता बोलता तिनं पोरीला घेतलं, मानेखाली हात इतका सहज गेला की मला तिथंच वाटलं, हीच. पण तिला दहा ते चारच जमत होतं, तिची मुलगी तिसरीत, शाळेतून आली की घरी कोणी नाही. मला साडेआठ ते साडेसहा पाहिजे, म्हणून नाही म्हटलं. मग एका एजन्सीकडे आठ हजार रजिस्ट्रेशन भरलं. त्यांनी पाठवलेली मुलगी अठराची सांगितली, मला तर ती तेराची पण वाटेना. आधार मागितलं तर म्हणे गावी राहिलं. चौदाच्या आतल्या लेकरांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी माझं बाळ एका बाळाच्या हातात कसं देऊ? तिला जेवू घातलं आणि एजन्सीवाल्याला बोलावून परत पाठवलं. दुसरी दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी आलीच नाही. रिप्लेसमेंटसाठी फोन लावून राहिली तर उचलत नाहीत.

तुम्ही कुठून शोधली, काय विचारलं, पगार कसा ठरवला, सगळं सांगा.

*त्रिमूर्तीनगरहून एक बाबा*

आमची मिसेस स्टाफ नर्स, शिफ्ट ड्युटी, त्यामुळे मावशीशिवाय आमचं घर चालतच नाही. जयताळ्याच्या एक ताई मिळाल्या, भाजीवालीच्या ओळखीनं. सगळं ठरलं आणि मी पोलीस व्हेरिफिकेशनसाठी आधार आणि फोटो मागितला तर त्यांचा चेहराच उतरला. "साहेब, मी काय चोर आहे का?" मला काय बोलावं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या आधारची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली, माझा, मिसेसचा, आईचा, तिघांचे नंबर त्यांच्या मुलाच्या वहीत लिहून दिले आणि म्हटलं ताई, तुम्ही पण अनोळखी घरात येऊन राहिल्या, तुमच्या घरच्यांना पण माहीत पाहिजे तुम्ही कोणाकडे आहात. मग त्या स्वतः माझ्यासोबत पोलीस ठाण्यात आल्या. आता दोन वर्षं होतील. व्हेरिफिकेशन कराच, पण ते कसं मागता यावर पुढचं सगळं असतं असं मला मनापासून वाटतं.

*नंदनवन*

माझा अनुभव चांगला नाही पण लिहिलाच पाहिजे. 2024 ची गोष्ट, मुलगा अकरा महिन्यांचा. घरी ठेवलेल्या बाई प्रेमळ, स्वच्छ, तक्रारीला जागा नाही. पण मुलगा रोज अकराला झोपला की तीनपर्यंत उठायचाच नाही, आणि उठला की डोळे जड, दूध नको. आम्ही आपले खूष, झोप चांगली आहे म्हणून. एक दिवस डोकं दुखत होतं म्हणून लवकर आले, ओट्यावर पोळ्यांच्या डब्यामागे एक चमचा, त्याला लाल चिकट काहीतरी. बाईंनी काही लपवलं नाही हो, सरळ सांगितलं, "ताई, खूप रडून राहिला होता, मेडिकलमधून सर्दीचं औषध आणलं, आम्ही आमच्या लेकरांना पण देतो." डॉक्टरांना बाटली दाखवली. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं होतं ते, आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये असं त्याच्या लेबलवर छापायला 2023 मध्येच सांगितलेलं आहे. मुलगा ठीक आहे. पण 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची परासियाची लेकरं भेसळीच्या खोकल्याच्या औषधानं गेली, त्यातल्या कित्येकांवर इथं आपल्या नागपुरातच उपचार चालले होते, त्या बातम्या वाचताना माझे हात थरथरत होते.

तेव्हापासून नियम एकच, फोन केल्याशिवाय औषध नाही, ग्राइप वॉटर नाही, गुटी नाही, वर्षाच्या आत मधाचं बोट पण नाही. आणि बाळ रडलं तर रडू द्या, मला फोन करा, मी रागावणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. त्या बाई माझ्या भीतीनं त्याला झोपवत होत्या, मी आले की घर शांत दिसावं म्हणून. हे मला खूप उशिरा समजलं.

*धरमपेठ*

आम्ही पाळणाघर निवडलं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून 50 किंवा जास्त कर्मचारी असले की ऑफिसनं पाळणाघराची सोय करायला पाहिजे, आमच्याकडे तेवढे लोक कधीचेच आहेत. तीनदा लेखी विचारलं, अजून जागा बघून राहिलेत. असो. मेमध्ये 45 डिग्रीत बाळाला दुपारी आणणं-नेणं जमत नाही, तेवढं लक्षात घ्या. पाळणाघर बघायला जाल तर भर दुपारी जा, कूलर कोणत्या खोलीत आहे आणि मुलं कोणत्या खोलीत झोपली आहेत ते बघा.

*नाव नाही लिहित*

मी दुसऱ्या बाजूनं लिहून राहिली. माझी आई चोवीस वर्षं लोकांची लेकरं सांभाळे. सकाळी सातले निघे, संध्याकाळी सातले येई. माझा भाऊ दीड वर्षाचा, मी आठ वर्षांची, त्याले मी सांभाळू. शाळा किती बुडली त्याचा हिशोब नाही. तान्ह्या पोळ्याले आई त्या घरच्या लेकराचा लाकडी नंदी सजवे, त्याले धोतर नेसवे, बोट धरून घरोघरी नेई. आमचा भाऊ दारात बसून राहे, आई आली की तिच्या ओच्यात पाहे काही आणलं काय म्हणून. ती आणे, बिस्किट, चॉकलेट, पण दिवस तर संपलेला राहे न.

म्हणून सांगते ताई, आलेल्या बाईले पहिले हे विचारा की तुझं लेकरू कोणाजवळ आहे. ती चारले काऊन जाते हे समजलं तर अर्धी गोष्ट तिथंच सुटते. चार सुट्ट्या पगारी द्या. तुम्ही उन्हाळ्यात महिनाभर गावी जाता तेव्हाचा पगार कापू नका, त्या महिन्यात तिच्या घरी पण चूल पेटते. आणि 2008 च्या कायद्यानं घरेलू कामगार मंडळ आहे, 18 ते 60 वयाच्या बाईची नोंदणी होते, तेवढी करून द्या. माझ्या आईले हे कोणी सांगितलंच नाही.

*बेसा*

वरचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या मावशी बालाघाटच्या, मुलगा त्यांच्याकडून अर्धी हिंदी शिकला. त्यांच्या सुनेचं बाळंतपण आलं आणि त्या आठ दिवसांत गेल्या, चूक कोणाचीच नाही. मुलगा अडीच वर्षांचा, महिनाभर रोज साडेआठला चप्पल घालून गेटपाशी उभा. त्याला सांगून जायला पाहिजे होतं त्यांनी, आणि आम्हीच म्हटलं होतं की झोपेत असताना निघा, रडेल. असं करू नका कोणी.

*मी, मनीषनगर*

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. काल पहिल्या मावशींना फोन करून विचारलं, मुलगी शाळेतून आमच्याकडेच आली तर चालेल का, इथंच जेवेल, अभ्यास करेल. थोडा वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या घरी विचारून सांगते. सकाळी फोन आला, सोमवारपासून येऊन पाहतात. सुट्टीचे तीन आठवडे मी घरी आहे तोवर सोबतच राहू, पगार पहिल्या दिवसापासून. पण त्यांना पाचच्या पुढे थांबता येत नाही, आणि मी मिहानहून साडेसहाच्या आत पोचत नाही. मनीषनगर किंवा बेसा भागात कोणाच्या घरी संध्याकाळचा दीड तास बाळ ठेवण्यासारखं कोणी असेल तर सांगा, मी स्वतः येऊन भेटते.