डिजिटल मानव्यविद्येतल्या संशोधनाचे कल: नकाशात सगळे शब्द एकाच गठ्ठ्यात येतात

कृष्णाकाठ (सांगली)
स्कोपसवर (शोधनिबंधांच्या नोंदींचा डेटाबेस) शीर्षक, सारांश आणि कीवर्डमध्ये 'डिजिटल ह्युमॅनिटीज' (साहित्य, इतिहास यांसारख्या विषयांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास) शोधून नोंदी उतरवल्या आणि व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये कीवर्डचा, म्हणजे कोणते शब्द एकत्र येतात याचा, नकाशा केला. मधोमध त्याच शब्दाचा भलामोठा गोळा, बाकी सगळं त्याला चिकटलेलं. गट पडतच नाहीत. वर्षवार आलेखात २००४ आधी जवळपास शुकशुकाट, विषय तर जुना आहे. शिवाजी विद्यापीठातले मराठी प्रबंधही यात घ्यायचे आहेत. ते कसे जोडावेत?

वाईकर
मधला गोळा आधी काढा. ज्या शब्दाने शोध घेतला तो बहुतेक नोंदींत असणारच, त्याच्या जोडण्यांतून काही कळत नाही. थिसॉरस फाइल (कोणते शब्द जोडायचे, कोणते वगळायचे याची यादी) करा: साधी टेक्स्ट फाइल, टॅबने वेगळे केलेले दोन स्तंभ, पहिल्या ओळीत 'लेबल' आणि 'रिप्लेस बाय' (रोमन लिपीतच). दुसरा स्तंभ रिकामा ठेवला की तो शब्द वगळला जातो. एकवचन-अनेकवचन, जोडरेघेची रूपं, 'टीईआय' (मजकुरात खुणा करण्याची प्रमाण पद्धत) आणि त्याचं पूर्ण नाव हेही तिथेच एकत्र करा. नकाशाचा खरा कस या फाइलीत लागतो, तेव्हा तिला सवडीने वेळ द्या.

कीवर्ड फक्त लेखकांनी दिलेले घ्या. स्कोपसने स्वतः जोडलेले इंडेक्स कीवर्ड मिसळले की 'ह्यूमन', 'आर्टिकल' असले शब्द घुसतात. तरीही गट कमी पडले तर रिझोल्यूशन (गट किती बारीक पाडायचे ते ठरवणारा आकडा) १ वरून १.२, १.५ करून बघा आणि वापरलेला आकडा प्रबंधात नोंदवा. हवे तसे गट दिसेपर्यंत तो फिरवत राहणं मात्र चूक.

कराडचा वाचक
२००४ आधीचा शुकशुकाट नावामुळे आहे. आधी या क्षेत्राला 'ह्युमॅनिटीज कम्प्युटिंग' म्हणत. संगणकाने ग्रंथांची शब्दसूची करणारे रॉबर्तो बुसा यांचं काम १९४९ चं, 'कॉम्प्युटर्स अँड द ह्युमॅनिटीज' हे नियतकालिक १९६६ चं. नवं नाव रुळलं ते २००४ च्या 'अ कम्पॅनियन टू डिजिटल ह्युमॅनिटीज' नंतर. म्हणून शोधात दोन्ही शब्द 'ऑर' ने जोडा.

अशीच अडचण सहसंदर्भाच्या (कोणती नियतकालिकं एकाच लेखात एकत्र उद्धृत होतात त्याच्या) नकाशात येते. 'लिटररी अँड लिंग्विस्टिक कम्प्युटिंग' २०१५ पासून 'डिजिटल स्कॉलरशिप इन द ह्युमॅनिटीज' झालं, त्यामुळे एकाच नियतकालिकाचे दोन ठिपके पडतात. तेही थिसॉरसमध्ये जोडा. आलेखात नुसती लेखसंख्या नको, सगळीच क्षेत्रं वाढताहेत. त्या वर्षीच्या मानव्यविद्येतल्या एकूण लेखांनी भागा आणि चालू वर्ष सोडा, ते अर्धवट असतं.

कृष्णाकाठ
दोघांचेही आभार. मराठी प्रबंधांचं?

वाईकर
ते स्कोपसच्या नकाशात मिसळू नका, वेगळा नकाशा करा. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टचा मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. म्हणून सुरुवात शीर्षकांपासून करा.

सगळ्यात मोठा सापळा पायथनमध्ये आहे. सायकिट-लर्न या लायब्ररीतला शब्द मोजणारा काउंटव्हेक्टरायझर मूळ सेटिंगमध्ये मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताला अक्षर मानत नाही, तिथे शब्द तुटतो आणि एकाक्षरी तुकडे टाकून दिले जातात. 'कादंबरी'तून उरतं फक्त 'बर', 'साहित्य' तर पूर्ण गायब. चूक दाखवणारा संदेश येत नाही, म्हणून महिनोन्महिने लक्षातही येत नाही. टोकन-पॅटर्न (शब्द कसा ओळखायचा याचा नियम) बदला: विरामचिन्हं आधी काढून फक्त मोकळ्या जागेवर शब्द तोडा.

मग दुसरी अडचण, उदाहरणार्थ 'साताऱ्यात' हा शब्द. यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टंकलेला सापडतो: स्वतंत्र 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं चिन्ह) देऊन. डोळ्यांना एकच दिसतं, संगणक दोन शब्द मोजतो. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगळी टंकनं एकसारखी करणारी प्रक्रिया) केलं तरी हा फरक राहतो, स्वतंत्र बदल-सूत्र लिहावं लागतं. शिवाय साताऱ्यात, साताऱ्याचा, सातारा ही रूपं एका मूळ शब्दाखाली आणावी लागतात. शीर्षकं काहीशेच असतील तर यादी हातानेच करा, यंत्रापेक्षा अचूक होते.

कराडचा वाचक
एक भर: यादी एक्सेलमध्ये उघडायची तर सीएसव्ही 'यूटीएफ-८' निवडूनच आयात करा. नुसत्या डबल-क्लिकने देवनागरी बिघडू शकते, आणि तशीच सेव्ह झाली तर मूळ परत मिळत नाही. कच्च्या फाइलीची एक प्रत वेगळी ठेवा.