बी विंगची लिफ्ट आणि पॅनल (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

माने वहिनी, बी-७०२: पाटील सर लिफ्ट परत बंद आहे. सासूबाई फिजिओहून आल्या त्या चौथ्या मजल्यावर जिन्यातच खुर्ची टाकून बसल्यात. किती दिवस चालणार हे?

पाटील सर, सेक्रेटरी: वहिनी मीच बंद करायला लावली. पॅनल रूममधून जळका वास येत होता. इलेक्ट्रिशियन निघालाय, अर्धा तास द्या 🙏

माने वहिनी, बी-७०२: तुमचा अर्धा तास आम्हाला माहितीये.

कुलकर्णी काका, बी-३०४: फोटो टाकलाय तो नीट बघा सगळ्यांनी. एपीएफसी पॅनलचा (पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटचा किती भाग कामी येतो ते, आपोआप सुधारणारं पॅनल) कपॅसिटर, पुरीसारखा फुगलाय. तिसऱ्यांदा!! मी मागच्या मीटिंगला बोललो होतो पण मिनिट्समध्ये ते आलंच नाही, का आलं नाही ते विचारत नाही.

पवार, सी-४०३: काका नाश्ता करून घ्या आधी 😀

जोशी काका, ए-२०१: एजीएममध्ये ठराव झालेला आहे. २५ हजारांच्या वर खर्च असल्यास तीन कोटेशन. सर्वांनी नोंद घ्यावी.

शहा, खजिनदार: जोशी काका अजून खर्चाचं कोणी बोललंच नाहीये.

बी-६०१: स्पष्ट बोलतो राग नसावा. बी-१०३ चा गाडीचा चार्जर लागला तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. आमच्याकडे लाईट फडफडतात.

भोसले, बी-१०३: राग कसला. चार्जर माझ्या स्वतःच्या मीटरवर आहे, एनओसी कमिटीने दिलीये, वेगळी केबल मी माझ्या पैशाने ओढलीये. तुमच्याकडे तीन एसी चालतात ते कोणी विचारलं का?

बी-६०१: एसी सगळ्यांकडेच आहेत.

भोसले, बी-१०३: मग गाड्याही येतील सगळ्यांकडे. थांबा जरा.

अनघा, सी-५०४: भोसले काका, ६०१ काका, दोघंही थांबा प्लीज. पाटील सरांना विचारून मी ऑफिसचा वीज मोजायचा ॲनालायझर बी विंगच्या रायझरला, म्हणजे वर सगळ्या मजल्यांना जाणाऱ्या मुख्य केबलला, एक दिवस लावून ठेवला होता. संध्याकाळी साडेआठचे आकडे सांगते. तीन फेजवर ५४, ४७ आणि ३८ अँपिअर, न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर, ५८.

पवार, सी-४०३: म्हणजे पास का नापास

अनघा, सी-५०४: नापास. लोड तिन्ही फेजवर सारखं नाही म्हणून न्यूट्रलमध्ये थोडा करंट येणारच, पण या आकड्यांच्या हिशोबाने तो १४ च्या आसपास यायला हवा होता. बाकीचा जवळजवळ सगळा १५० हर्ट्झचा आहे, म्हणजे थर्ड हार्मोनिक, सप्लायच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा. आपली सप्लाय ५० हर्ट्झची, पण एलईडी, टीव्ही, कॉम्प्युटर, राउटर हे सगळे करंट सलग घेत नाहीत, व्होल्टेज शिखरावर असतं तेव्हा झटक्यात खेचतात आणि मग गप्प बसतात. त्या झटक्यांमुळे करंटचा आकार बिघडतो. ५० चा भाग तीन फेजमध्ये एकमेकाला काटतो आणि न्यूट्रलला शिल्लक तेवढीच येते. १५० वाला काटत नाही, तिन्ही फेजचा एकत्र होऊन न्यूट्रलमध्ये उतरतो.

कुलकर्णी काका, बी-३०४: बरोबर. आणि केबल कुठली आहे ते पण सांग त्यांना.

अनघा, सी-५०४: साडेतीन कोअर ३५ ची. फेजच्या तारा ३५ स्क्वेअर एमएम आणि न्यूट्रल फक्त १६. बिल्डिंग झाली तेव्हा ट्यूबलाईट, पंखे आणि गीझर होते, न्यूट्रलला काम नाही म्हणून अर्धी चालायची. आज उलटं झालंय. त्यात न्यूट्रलला ब्रेकर नाही, नुसती लिंक (साधी धातूची पट्टी) आहे, त्यामुळे ट्रिप होत नाही, गुपचूप तापत राहते. वास कपॅसिटरचा नव्हता. न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाचा जोड) काळा पडलाय आणि वरची स्लीव्ह वितळून बाजूच्या तारेला चिकटलीये. फोटो पाटील सरांकडे आहे.

माने वहिनी, बी-७०२: देवा. आणि आम्ही लिफ्टसाठी भांडतोय.

बी-६०१: पण इलेक्ट्रिशियनने मागच्या महिन्यात मीटर लावून बघितलं होतं, सगळं ओके म्हणाला.

कुलकर्णी काका, बी-३०४: तो फेजला क्लॅम्प लावतो. न्यूट्रलला क्लॅम्प लावायची सवयच नाही कुणाला. आणि त्याचा क्लॅम्प साधा, असा वाकडातिकडा करंट असला की फेजचे आकडे कमीच दाखवतो. ट्रू आरएमएस लागतो, वाकड्या करंटचाही खरा आकडा दाखवणारा. आम्ही कंपनीत

कुलकर्णी काका, बी-३०४: आम्ही कंपनीत असताना हेच झालं होतं, असो

जोशी काका, ए-२०१: तीन कोटेशन.

शहा, खजिनदार: 🙏

भोसले, बी-१०३: अनघा मॅडम, म्हणजे माझी गाडी निर्दोष ना? एकदा स्पष्ट लिहा ग्रुपवर.

अनघा, सी-५०४: काका तुमची लाईन या रायझरवर नाहीचे. शिवाय गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये बहुतेक वेळा पॉवर फॅक्टर करेक्शन असतं, त्याचा करंट बऱ्यापैकी स्वच्छ येतो. स्वस्तातल्या नऊ वॉटच्या बल्बमध्ये ते नसतं. लोड म्हणून तुमची गाडी मोठी आहे, रात्री सगळ्यांनी एकदम लावल्या तर वेगळा विषय होईल, पण आजचा हा नाही.

भोसले, बी-१०३: ६०१, वाचलंत ना?

बी-६०१: हा मेसेज डिलीट केला गेला

पवार, सी-४०३: आम्ही वाचला 😂

पाटील सर, सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून. अनघा, कपॅसिटर मग का जातोय? नवीन आणून परत फुगतो.

अनघा, सी-५०४: तो वेगळा हार्मोनिक सर. लिफ्ट आणि बूस्टर पंप दोन्हीला आता व्हीएफडी आहे, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, ते पाचवा आणि सातवा जास्त सोडतात, म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी वाढली की कपॅसिटरचा अडथळा कमी होतो, २५० ला पाचवा हिस्सा. त्यामुळे तो सगळं स्वतःत ओढून घेतो. वर ट्रान्सफॉर्मरबरोबर रेझोनन्स जुळला तर तेच हार्मोनिक आणखी फुगतात. चौथा कपॅसिटर आणलात तर चौथाही जाईल. सिरीजमध्ये ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर, म्हणजे एक कॉइल, टाकायचा, मग जोडीची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी १८९ हर्ट्झवर येते आणि २५० चं तिथे काही चालत नाही. कपॅसिटर पण ४४० व्होल्टचा नको, ५२५ चा घ्या, रिॲक्टरमुळे त्याच्यावर व्होल्टेज जास्त येतं.

शिंदे, ए-५०३: मी इंटरनेटवर बघितलं, आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या स्टँडर्डमध्ये ८ टक्क्यांची मर्यादा आहे. आपलं किती आलं?

अनघा, सी-५०४: व्होल्टेजचं ४.६.

शिंदे, ए-५०३: म्हणजे मर्यादेत. मग खर्च कशाला करायचा?

अनघा, सी-५०४: ते ८ टक्के सप्लाय येते तिथल्या व्होल्टेजसाठी आहेत, म्हणजे आपल्यामुळे शेजारच्यांना त्रास होतो का एवढंच त्यात बघतात. आपल्या रायझरची न्यूट्रल तापते का हे त्यातून कळत नाही. लग तुटला तर न्यूट्रल तरंगते, मग एखाद्या फ्लॅटला १५० व्होल्ट आणि दुसऱ्याला तीनशेच्या वर. फ्रिज, टीव्ही, राउटर सगळं एका फटक्यात.

बी-६०१: सेट टॉप बॉक्स पण?

अनघा, सी-५०४: तो पण.

बी-६०१: मग लवकर करा.

जोशी काका, ए-२०१: मी विरोध करत नाही. ठरावाची आठवण करून देतो आहे. तीन कोटेशन.

कुलकर्णी काका, बी-३०४: जोशीसाहेब आग कोटेशन मागत नाही हो.

जोशी काका, ए-२०१: लिफ्टच्या व्हीएफडीच्या वेळी पण असंच घाईत झालं होतं. एकच कोटेशन होतं. कोणी आणलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

कुलकर्णी काका, बी-३०४: मी आणलं होतं. आणि दर मार्केटपेक्षा कमी होता. व्हीएफडीचे हार्मोनिक कमी करणारा चोक वगळा असं कमिटीने सांगितलं, पैसे वाचवायला. ते मिनिट्समध्ये आहे का बघा जरा.

पाटील सर, सेक्रेटरी: काका ते नंतर. अनघा, काय कधी करायचं ते सांग.

अनघा, सी-५०४: केबल आणि लग लगेच, ते थांबवू नका. सोबत ५४ वाल्या फेजवरचे काही फ्लॅट ३८ वाल्या फेजवर घ्या, फेज थोड्या समान होतील, पण त्याने १५० वाला जाणार नाही. कपॅसिटर तोवर बंद ठेवा, पॉवर फॅक्टर खाली जाईल तेवढा जाऊ दे. दोन्ही व्हीएफडीला ३ टक्क्यांचा लाईन चोक, आणि रिॲक्टरसकट पॅनल, यासाठी जोशी काका म्हणतात तशी कोटेशन मागवा. कोणी ॲक्टिव्ह फिल्टर (हार्मोनिक खोडणारं यंत्र) विकायला आला तर आत्ता घेऊ नका, महाग असतो, आधी हे करून परत मोजू.

शहा, खजिनदार: सिंकिंग फंडातून केबलचं होईल. बाकीच्यासाठी दोन क्वार्टरचा मेंटेनन्स ज्यांचा राहिलाय त्यांनी भरला तर बरं. नावं टाकत नाही.

पवार, सी-४०३: टाका टाका

पाटील सर, सेक्रेटरी: रविवारी ११ ते २ बी विंग पूर्ण शटडाऊन. पाणी आधी भरून ठेवा, पंप चालणार नाही.

शिंदे, ए-५०३: रविवारी मॅच आहे सर.

माने वहिनी, बी-७०२: तुम्ही ए विंगला राहता.

पाटील सर, सेक्रेटरी: केबलवाल्याचा फोन आला. ५० ची साडेतीन कोअर तयार आहे म्हणतो, उद्याच पाठवतो, चार कोअरला आठ दिवस लागतील. साडेतीन घेऊ का?

अनघा, सी-५०४: नको सर. साडेतीनमध्ये न्यूट्रल परत २५ च मिळेल. चारही तारा सारख्या हव्यात. दुसऱ्या दुकानात विचारा, मी पण दोन नंबर पाठवते.

जोशी काका, ए-२०१: म्हणजे एकूण तीन दर होतात. उत्तम.