डेबियन १२: वायफाय चालतं, पण नेटवर्कमॅनेजर त्याला ‘अनमॅनेज्ड’ म्हणतो

प्रश्न
लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना डेस्कटॉप घेतला नव्हता, ग्नोम (डेस्कटॉप) नंतर चढवलं. नेट चालतं, पण वरच्या पट्टीत वायफायची यादीच येत नाही. नेटवर्कमॅनेजरच्या (नेटच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ या कमांडमध्ये डब्ल्यूएलपी२एस० या वायफाय कार्डासमोर ‘अनमॅनेज्ड’ (त्याच्या ताब्यात नाही) दिसतं. सक्तीने ‘मॅनेज्ड यस’ केलं की जोडणी सारखी तुटते. ड्रायव्हर बदलू का?

उत्तर १
ड्रायव्हरला हात लावू नका. नेट चालतंय म्हणजे ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही ठीक आहेत. डेस्कटॉप नसला की इन्स्टॉलर वायफायचं नाव-पासवर्ड /इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये लिहितो, आणि त्या फाइलमध्ये ज्या कार्डाचं नाव आहे त्याच्या वाटेला डेबियनचा नेटवर्कमॅनेजर मुद्दाम जात नाही. तुम्ही सक्ती केलीत तेव्हा एकाच कार्डावर दोन डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड देऊन वायफायला जोडणारे प्रोग्राम) बसले. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तोडायचं.

आधी ‘सुडो आयएफडाउन डब्ल्यूएलपी२एस०’ ही कार्ड बंद करायची कमांड द्या. फाइल बदलण्याच्या आधीच द्या, कारण आयएफडाउन तीच फाइल वाचून काय बंद करायचं ते ठरवतो. ओळी गेल्या की त्याला ते कार्ड ओळखूच येत नाही. (एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून करत असाल तर इथेच जोडणी जाईल, मशीनसमोर बसूनच करा.) मग त्या कार्डाच्या ‘अलाउ-हॉटप्लग’, ‘आयफेस’, ‘डब्ल्यूपीए-एसएसआयडी’ आणि ‘डब्ल्यूपीए-पीएसके’ या ओळींपुढे # लावा, म्हणजे त्या वाचल्या जाणार नाहीत. ‘एलओ’च्या (मशीनची स्वतःशीच असलेली जोडणी) दोन ओळी तशाच राहू द्या. शेवटी ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’.

प्रश्नकर्ता
केलं. फाइलमध्ये आता फक्त ‘एलओ’ आणि एक ‘सोर्स’ची ओळ आहे, तरी ‘अनमॅनेज्ड’च.

उत्तर २
ती ‘सोर्स’ची ओळच बघा. ती इंटरफेसेस.डी फोल्डरमधल्या फाइलीही ओढून घेते, आणि नेटवर्कमॅनेजर त्याही वाचतो. तिथे काही नसेल तर ‘सुडो नेटवर्कमॅनेजर --प्रिंट-कॉन्फिग’ चालवा आणि ‘अनमॅनेज्ड-डिव्हायसेस’ शोधा. कुठल्या फाइली वाचल्या ते वरच छापून येतं.

पुष्कळ ठिकाणी नेटवर्कमॅनेजर.कॉन्फमध्ये ‘मॅनेज्ड=ट्रू’ करायला सांगतात. ते करू नका. बूट होताना आयएफअपडाउन (इंटरफेसेस फाइल वाचून कार्ड चालू-बंद करणारा प्रोग्राम) तरीही कार्ड उचलतो आणि तीच ओढाताण परत सुरू होते.

प्रश्नकर्ता
सापडलं! इंटरफेसेस.डीमध्ये ‘सेटअप’ नावाची फाइल होती, त्यातही तेच कार्ड. त्या ओळींपुढेही # लावलं, आता ‘डिस्कनेक्टेड’ दाखवतंय.

उत्तर १
मग कार्ड नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यात आलं. ‘एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट’ आणि पुढे वायफायचं नाव द्या. पासवर्ड तो विचारून घेईल, त्यामुळे शेलच्या हिस्टरीत (आधी दिलेल्या कमांडच्या यादीत) राहणार नाही. जोडणी झाली की जुन्या फाइलमधली # लावलेली पासवर्डची ओळ पुसून टाका.