मदत हवी आहे: बॅटरीच्या चर्चेतली छुपी जाहिरात पकडायची कशी?
बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींनो, इन्व्हर्टरसाठी १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) ट्युब्युलर बॅटरी कुठली घ्यावी, असं कुणी विचारलं की दहा मिनिटांत तीन-चार नवी खाती एकाच मॉडेलचा पूर्ण नंबर ठोकतात. "४०० वॅटवर ६ तास" हे वाक्य तेच, 'बॅकअप'चं 'बॅगप' केलेलंही तेच!

हिशेब साधा आहे: १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली घट धरली तर ४०० वॅटवर साडेतीन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. शिवाय ही क्षमता बहुधा वीस तासांच्या संथ डिस्चार्जवर मोजलेली असते. लोड वाढला की ती आणखी घटते. गणपत गल्लीत घेतली की खडे बाजारात, पाणी कितव्या महिन्यात घातलं, असं विचारलं की सगळे गप्प.

लिंकमध्ये 'टॅग' (विक्री कुणामुळे झाली ते कळवणारा कोड) दिसला तर ती बहुधा कमिशनची. लिंकच नसेल तर पुरावा कसला धरायचा? मोबदला घेतला असेल तर तो सांगावा, असं केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर अशी तक्रार कुणी केली आहे का? स्क्रीनशॉटसोबत काय जोडलं? आणि खरोखर समाधानी असलेलं गिऱ्हाईक यात भरडलं जाऊ नये, म्हणून तुम्ही काय तपासता?