लॉर्ड, लेडी आणि हरवलेला तिसरा शब्द
इंग्रजीतले लॉर्ड आणि लेडी हे शब्द १०६६ नंतर, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर, फ्रेंचमधून आले असं कुणी म्हणतं, ते पटत नाही. ड्यूक, बॅरन या पदव्या फ्रेंचमधून आल्यात हे खरं, पण हे दोन अस्सल जुन्या इंग्रजीतले आणि दोन्हींच्या पोटात पावच आहे. ह्लाफ म्हणजे पाव (आजचा लोफ), ह्लाफवेआर्ड म्हणजे पाव राखणारा, तो झिजत झिजत लॉर्ड झाला, आणि ह्लॅफडिये म्हणजे पावाची कणीक मळणारी, ती लेडी. यातला मळणारीचा भाग डो, म्हणजे कणीक, याच्याच नात्यातला, डेअरी शब्दाची सुरुवातही तिथलीच.

पण पावाच्या या घराण्यातला तिसरा शब्द सहसा कुणी काढत नाही, ह्लाफॅटा, म्हणजे पाव खाणारा, धन्याच्या घरी जेवणारा आश्रित. इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्यात तो येतो, साध्या शेतकऱ्याचा असा आश्रित कुणी ठार मारला तर ६ शिलिंग भरपाई! मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण राखणारा, मळणारी आणि खाणारा असं अख्खं घर त्यामुळे उभं राहतं, आणि नेमका तोच बोलण्यातून गेला.