नऊ-दहा वर्षांच्या मुलाला प्रभुभोजन द्यावं का?

प्रश्न
प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. देवाच्या करारातली (विश्वासणाऱ्यांच्या घरची) मुलं म्हणून रिफॉर्म्ड मंडळ्या, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतली प्रोटेस्टंट चर्च, तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात, पण प्रभुभोजनात भाकर आणि प्याला फिरतो तेव्हा तीच मुलं वगळली जातात. जुन्या करारातल्या वल्हांडण सणाचं कोकरू तर घराण्यामागे एक असायचं, म्हणजे मुलंही त्यात आलीच. नऊ-दहा वर्षांचं मूल स्वतःहून मागत असेल तर पाळकांनी आणि मंडळीच्या वडिलांनी (एल्डर्सनी) नेमकं काय करावं?

उत्तर १
अडतं ते पौलाच्या पत्रातल्या १ करिंथ ११:२८ पाशी. आधी स्वतःची परीक्षा, मग भाकर. बाप्तिस्मा बाळाला दिला जातो, त्यात त्याने काही करायचं नसतं. प्रभुभोजनात मात्र 'माझ्या स्मरणार्थ करा' ही आज्ञा घेणाऱ्यालाच आहे. धर्मसुधारक कॅल्विनने आपल्या 'इन्स्टिट्यूट्स'च्या चौथ्या ग्रंथात (अध्याय १६) हाच फरक केला. वल्हांडणही अर्थ विचारण्याइतकी समज आलेलेच खात, असं त्याचं म्हणणं. आधार निर्गम १२:२६ चा. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत (रिफॉर्म्ड शिकवणीचं प्रश्नोत्तर-पुस्तक, प्रश्न १७७) वय आणि स्वतःची परीक्षा करण्याची क्षमता, दोन्ही मागितली आहेत. वयाचा आकडा मात्र दिलेला नाही. त्यामुळे 'चौदा पूर्ण' असा नियम कुठे असेल तर तो त्या मंडळीचा आहे, विश्वासपत्राचा (मंडळ्यांनी मान्य केलेल्या लेखी शिकवणीचा) नव्हे.

उत्तर २
दुसरी बाजूही पोकळ नाही. करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत. पौल रागावतो तो त्यावर. त्याच पत्रात १०:१७ मध्ये एक भाकर म्हणजे एक शरीर, अर्थात मंडळी. मग ११:२९ मधलं 'शरीर न ओळखणं' म्हणजे मंडळीतल्या कुणाला तरी बाहेर ठेवणं, असा अर्थ निघतो. सोळाव्या शतकात मुस्कुलस हा रिफॉर्म्ड धर्मपंडित मुलांच्या बाजूने होता. उत्तर अमेरिकेतल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने (सर्वोच्च सभेने) २०११ मध्ये बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना, वय आणि कुवतीनुसार, मेज (प्रभुभोजन) खुलं केलं. तरी ११:२७ मध्ये प्रभूचं शरीर आणि रक्त दोन्ही येतात, म्हणून नुसता मंडळीचा अर्थ मला पुरेसा वाटत नाही.

उत्तर ३
प्रत्यक्षात वय बाजूला ठेवा आणि हायडेलबर्ग या रिफॉर्म्ड प्रश्नोत्तरीचा ८१ वा प्रश्न हाताशी घ्या: पापाबद्दल खेद, ख्रिस्तामुळे क्षमा मिळाल्याचा भरवसा, जीवन सुधारण्याची इच्छा. पाठांतर ऐकू नका, घडाघडा म्हणणारं मूल फसवतं. 'भाकर मोडतात ती कशासाठी?', 'भावाशी भांडलास, मग देवाला काय सांगितलंस?' असं विचारा. आईवडिलांनी मधे बोलू नये. वडीलमंडळाने ठरवलं की नोंद करा. मग मंडळीपुढे विश्वासाची कबुली, त्यानंतरच मेज.

बिघडतं दोन ठिकाणी. अख्खा वर्ग एकाच रविवारी उभा केला की कबुलीचा निरोपसमारंभ होतो आणि मुलं नंतर दिसत नाहीत. नाहीतर बाकावर बसल्याबसल्या आई आपल्या भाकरीतला तुकडा देते; मग त्या मुलाची जबाबदारी कुणी घेतलेलीच नसते, शिस्तही लागू करता येत नाही.

नकार द्यायचा तर कारण मुलालाच सांगा आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच दिवशी ठरवा.

प्रश्नकर्ता
आणि बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल?

उत्तर ३
कसोटी तीच, भाषा त्याची. येशू आपला आहे हे ते हाताने, हावभावाने दाखवत असेल तर तीही कबुलीच. मंडळीच्या वडिलांनी घरी जाऊन भेटावं, एकदा नव्हे, अनेकदा.